कंपनीचा खर्च आणि खिशातले पैसे: नोंद नेमकी कशी करावी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एक लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, असे समजू. दोन संचालक, नऊ कामगार, दोन सीएनसी मशीन. शनिवारी दुपारी मशीनचे कटिंग इन्सर्ट (धातू कापणारी, झिजली की बदलायची पाती) संपतात, सोमवारी माल द्यायचा असतो आणि बँकेचा व्यवहार मंजूर करणारा दुसरा संचालक नेमका प्रवासात असतो. पहिला संचालक दुकानात उभ्या उभ्या स्वतःच्या फोनवरून यूपीआयने ९,४४० रुपये देतो आणि इन्सर्ट घेऊन येतो. सोमवारी माल वेळेवर जातो. या ९,४४० रुपयांची आठवण मात्र तीन महिन्यांनी, हिशेबनीस बिले मागायला लागल्यावर होते. तोवर बिलावरची शाई उडालेली असते आणि पैसे कोणत्या खात्यातून गेले हेही नीट सांगता येत नाही.

लहान कंपन्यांची पुस्तके लिहिताना हा प्रसंग इतक्या वेळा येतो की त्याला अपवाद म्हणणे चूक ठरेल. तो नेहमीचाच व्यवहार आहे, आणि म्हणून त्याच्या नोंदीची पद्धतही ठरलेली हवी. या विषयातली बहुतेक गुंतागुंत दोन प्रश्न एकत्र केल्याने होते. खर्च कोणाचा, हा पहिला प्रश्न. पैसे कोणी दिले, हा दुसरा. इन्सर्ट कंपनीच्या मशीनवर झिजले, म्हणून खर्च कंपनीचा. पैसे संचालकाच्या बचत खात्यातून गेले, म्हणून ते संचालकाने दिले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि नोंद अशी हवी की पाच वर्षांनी पुस्तक उघडणाऱ्या परक्या माणसालाही त्या दोन्ही दिसाव्यात.

पुष्कळ संचालकांना हा भेद कृत्रिम वाटतो. कंपनी माझीच आहे, पैसेही माझेच आहेत, मग इकडचे तिकडे झाले तर बिघडले काय, असे ते मनापासून विचारतात. त्यांचा प्रश्न प्रामाणिक असतो, पण कायद्याच्या नजरेत नोंदणी झालेली कंपनी ही तिच्या मालकांहून वेगळी व्यक्ती असते. मुंबईच्या बाचा गझदर या भागधारक महिलेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकातच हे स्पष्ट केले. चहाच्या कंपन्यांचे काही उत्पन्न शेतीचे म्हणून करमुक्त होते, तेव्हा त्यातून मिळालेल्या लाभांशाचाही तेवढा हिस्सा शेतीचे उत्पन्न मानावा, अशी त्यांची मागणी होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही. कंपनीचे उत्पन्न आणि मालमत्ता कंपनीची असते आणि भागधारकाला फक्त त्याच्या भागापुरते हक्क असतात, असा तो निकाल होता. याचाच दुसरा अर्थ असा की संचालकाने कंपनीसाठी खिशातून पैसे दिले, तर कंपनी त्याची तेवढी देणेकरी होते. ते देणे पुस्तकात दिसले नाही, तर त्याचे पैसे कंपनीत आहेत याचा पुरावाही राहत नाही.

नोंद प्रत्यक्षात कशी दिसते

वरच्या उदाहरणातले बिल असे आहे: इन्सर्टची किंमत ८,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७२० रुपये केंद्राचा (सीजीएसटी) आणि ७२० रुपये राज्याचा (एसजीएसटी), एकूण ९,४४० रुपये. बिल कंपनीच्या नावाने आणि कंपनीच्या जीएसटी क्रमांकासह आहे, असे धरू. नोंद पुढीलप्रमाणे होते. तिच्यातले 'इनपुट क्रेडिट' म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी, जो कंपनीला आपल्या विक्रीवरच्या करातून वजा करता येतो.

हत्यारे व सुटे भाग खर्च खाते नावे ८,०००
सीजीएसटी इनपुट क्रेडिट खाते नावे ७२०
एसजीएसटी इनपुट क्रेडिट खाते नावे ७२०
संचालकांचे खर्च परतफेड खाते जमा ९,४४०

टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही नोंद जर्नल व्हाउचरने करतात, पेमेंट व्हाउचरने नव्हे. कारण सरळ आहे: या दिवशी कंपनीच्या रोख पेटीतून वा बँकेतून एक रुपयाही गेलेला नाही. कंपनीला वस्तू मिळाली आणि तिच्यावर देणे आले, एवढेच घडले. नोंदीची तारीखही बिलाच्या म्हणजे खरेदीच्या दिवसाची असते, संचालकाने बिल ऑफिसात आणून दिल्याच्या दिवसाची नव्हे. पुढे कंपनीने त्याच्या खात्यावर पैसे वळते केले की दुसरी नोंद होते: संचालकांचे खर्च परतफेड खाते नावे ९,४४०, बँक खाते जमा ९,४४०. या दुसऱ्या नोंदीने खर्च पुन्हा लिहिला जात नाही, फक्त देणे फिटते.

हे वाक्य सोपे वाटते, पण चुका इथेच होतात. परतफेडीची रक्कम बँकेच्या उताऱ्यात दिसली की तीच खर्च म्हणून लिहिली जाते. आधीची जर्नल नोंद असेल तर खर्च दोनदा येतो. ती नसेल तर खर्चाची तारीख चुकते, जीएसटीचा भाग निसटतो आणि विक्रेत्याचे नावही कुठे येत नाही. म्हणून परतफेडीचा प्रत्येक बँक व्यवहार आधी संचालकाच्या खात्याशी जुळवावा आणि मगच पुढे जावे.

उणे रोकड, आणि तिच्यावरचा घातक उपाय

सर्वांत जास्त नुकसान करणारी सवय वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचे आहे. संचालकाने आणलेले प्रत्येक बिल 'रोख दिले' असे गृहीत धरून हिशेबनीस ते रोख वहीत लिहितो. त्याचा हेतू वाईट नसतो; बिलावर पैसे मिळाल्याचा शिक्का असतो आणि बँकेत तो व्यवहार सापडत नाही, मग रोखच असणार, असा त्याचा तर्क. पण कंपनीच्या पेटीत मुळात तेवढी रोकड नव्हती. महिना-दोन महिन्यांत रोख खात्याची शिल्लक उणे दिसू लागते. बँकेचे खाते ओव्हरड्राफ्टमुळे उणे असू शकते. रोख पेटीत मात्र शून्यापेक्षा कमी पैसे असणे शक्यच नाही. उणे रोकड म्हणजे पुस्तक चुकल्याची स्वतः पुस्तकानेच दिलेली कबुली.

वर्षअखेरीला ही कबुली पुसण्यासाठी जो उपाय होतो तो मूळ चुकीपेक्षा वाईट असतो. 'संचालकाकडून रोख मिळाली' अशा नोंदी मागील तारखांना घातल्या जातात, कधी पन्नास हजारांची एक, कधी १९,००० च्या तुकड्यांत. असे केल्याने एका साध्या खर्चाचे, प्रत्यक्षात कधी न घडलेल्या रोख कर्जात रूपांतर होते. आयकर कायद्यानुसार २०,००० रुपये वा त्याहून जास्त रकमेचे कर्ज वा ठेव रोखीने घेता येत नाही, आणि ही मर्यादा मोजताना त्याच व्यक्तीचे आधीचे न फिटलेले कर्जही धरले जाते. त्यामुळे १९,००० चे तुकडे पाडून काहीच साधत नाही. दुसऱ्याच तुकड्याला मर्यादा ओलांडली जाते. दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. परतफेडीलाही तोच नियम लागू आहे. ज्या संचालकाने खरोखर यूपीआयने, आपल्या पांढऱ्या पैशातून, कंपनीचीच गरज भागवली, त्याच्या कागदावर असा दोष यावा, ही मला फार अन्यायकारक गोष्ट वाटते. आणि ती केवळ चुकीचे व्हाउचर निवडल्यामुळे घडते.

आता हे दडवणेही सोपे राहिलेले नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी हिशेबासाठी वापरायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीतल्या बदलाचा माग ठेवणारी व्यवस्था बंधनकारक आहे, आणि ती वर्षभर चालू होती की नाही यावर लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात भाष्य करावे लागते. मार्चअखेरीस बसून जूनच्या तारखेला घातलेली नोंद कोणत्या दिवशी घातली, हे त्या मागात दिसते. उशिरा लिहिलेली खरी नोंद समजावून सांगता येते. न घडलेला व्यवहार समजावून सांगता येत नाही.

संचालकाने खरोखरच स्वतःजवळची रोकड देऊन खरेदी केली असेल, तरीही नोंद जर्नलनेच करावी आणि त्याचे खाते जमा करावे. मात्र तेव्हा दुसरी मर्यादा पाहावी लागते. धंद्याच्या खर्चापोटी एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रक्कम रोखीने दिली, तर काही ठराविक अपवाद सोडून तो खर्च कर आकारताना वजा मिळत नाही. मालवाहतूकदारांसाठी ही मर्यादा ३५,००० रुपये आहे. संचालकाने खिशातून दिले म्हणजे ती कंपनीची रोख नव्हे, असा युक्तिवाद करणारे भेटतात. त्यावर विसंबू नये. पैसे कंपनीच्या वतीने दिले असे आपणच म्हणतो आहोत, तर कंपनीवरची मर्यादाही सोबत येते, असे धरून चालणेच सुरक्षित. यूपीआय, डेबिट वा क्रेडिट कार्ड, नेट बँकिंग हे मार्ग या निर्बंधात येत नाहीत.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली असल्याने जुनी तोंडपाठ कलमे आता त्याच क्रमांकांनी सापडणार नाहीत. म्हणून या लेखात कलमांचे क्रमांक मुद्दाम दिलेले नाहीत. आपल्या सीएकडून ते ज्या त्या वर्षासाठी तपासून घ्यावेत.

बिल कोणाच्या नावाचे

पैसे कोणी दिले याने जीएसटीच्या क्रेडिटला बाधा येत नाही. बिल कोणाच्या नावावर आहे याने येते. विक्रेत्याने बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक घातला आणि आपल्या विवरणपत्रात ते बिल त्या क्रमांकावर दाखवले, तरच ते कंपनीच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांच्या विवरणपत्रांवरून तयार होणाऱ्या क्रेडिटच्या तक्त्यात, उतरते. ऑनलाइन खरेदी संचालकाच्या घरगुती खात्यावरून केली तर बिल त्याच्या वैयक्तिक नावाने निघते, आणि त्यावरचा कर हा कंपनीसाठी खर्चाचाच भाग होतो. खर्च खरा असेल, धंद्यासाठीच असेल, तर त्याची परतफेड करायला हरकत नाही. पण ९,४४० रुपये पूर्णच खर्चाला नावे टाकावे लागतात आणि १,४४० रुपयांचे क्रेडिट हातचे जाते. वर्षभरात अशी चाळीस-पन्नास बिले होतात. खरेदीच्या संकेतस्थळावर कंपनीचे व्यावसायिक खाते उघडून त्याला वैयक्तिक कार्ड जोडले, तरी हा प्रश्न सुटतो.

एक दिलासा इथे आहे. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे न दिल्यास घेतलेले क्रेडिट परत करावे लागते, असा जीएसटीचा नियम आहे. संचालकाने पुरवठादाराला पैसे त्याच दिवशी दिलेले असतात, त्यामुळे पुरवठादाराचे देणे उरलेलेच नसते. उरते ते फक्त संचालकाचे. कंपनीने संचालकाला आठ महिन्यांनी परतफेड केली तरी या नियमाचा भंग होत नाही. पण पैसे खरोखर दिले गेले होते, हे दाखवायला यूपीआयचा व्यवहार क्रमांक वा कार्डाचा उतारा बिलाला जोडलेला हवा.

काही खर्चांत क्रेडिट मुळातच नसते, आणि ते लक्षात न घेता नोंद केली की पुढे व्याजासह परत करावे लागते. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे. जेवणाच्या बिलावरचे क्रेडिट बहुतेक धंद्यांना मिळत नाही. हॉटेलच्या खोलीवरचा कर ती खोली ज्या राज्यात आहे त्या राज्याचा असतो, म्हणून महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीचा संचालक बंगळुरूला राहिला, तर कर्नाटकाच्या वाट्याचा आणि केंद्राचा, दोन्ही कर क्रेडिट म्हणून घेता येत नाहीत. पूर्ण बिल प्रवासखर्चात जाते.

परदेशी सॉफ्टवेअरच्या मासिक वर्गणीचा मुद्दा अलीकडे फार वाढला आहे. संचालक स्वतःच्या क्रेडिट कार्डावर डॉलरमध्ये वर्गणी भरतो. कंपनीचा जीएसटी क्रमांक दिलेला नसेल, तर परदेशी पुरवठादार नोंदणी नसलेला ग्राहक समजून १८ टक्के कर बिलातच लावतो आणि तो क्रेडिटला येत नाही. क्रमांक दिलेला असेल तर पुरवठादार कर लावत नाही; कंपनीला तो उलट आकारणीने स्वतः भरावा लागतो आणि नंतर क्रेडिट घेता येते. दुसरा मार्ग वरकरणी त्रासाचा, पण फायद्याचा तोच. नोंद करताना डॉलरचा कुठला तरी सरासरी दर न लावता, कार्डाच्या उताऱ्यावर रुपयांत जी रक्कम लागली तीच घ्यावी. परकीय चलनासाठी बँकेने लावलेले शुल्क वेगळे दिसत असेल तर तेही कंपनीच्या व्यवहारामुळेच लागलेले असते, म्हणून परतफेडीत धरता येते. कार्डाचे बिल उशिरा भरल्याचे व्याज मात्र संचालकाचे स्वतःचे, कारण कंपनीने त्याला उशीर करायला सांगितलेले नसते.

आणखी एक अडचण पैसे देण्याच्या क्षणीच तयार होते आणि नंतर सुधारता येत नाही. समजा, वकिलांची ६०,००० रुपये फी संचालकाने आपल्या खात्यातून पूर्ण भरली. व्यावसायिक शुल्क वर्षात ५०,००० रुपयांच्या पुढे गेले की कंपनीने १० टक्के कर कापून भरायचा असतो. इथे पैसे देणारा संचालक असला तरी खर्च कंपनीचा आहे, म्हणून कपातीची जबाबदारी कंपनीवरच राहते. कपात झाली नाही, तर खर्चाच्या ३० टक्के रक्कम त्या वर्षी वजा मिळत नाही. वकील, सल्लागार, मोठे ठेकेदार, भाडे हे खर्च खिशातून भरूच नयेत, असे मी स्पष्टपणे सांगेन. लहानसहान, तातडीच्या आणि करकपात न लागणाऱ्या खरेदीपुरतीच ही सोय ठेवावी.

परतफेड की कर्ज

संचालकाच्या नावाने एकच खाते ठेवून त्यात त्याचा पगार, त्याने कंपनीला दिलेले कर्ज आणि खर्चाची परतफेड असे सगळे एकत्र लिहिण्याची पद्धत सर्रास दिसते. ती मोडावी. तीन खाती वेगळी असावीत, कारण तिन्हींना लागणारे नियम वेगळे आहेत.

खर्चाची परतफेड हे चालू देणे आहे. महिन्या-दोन महिन्यांत फिटावे अशी अपेक्षा असते. तिच्यावर संचालकाला उत्पन्न म्हणून कर लागत नाही, कारण त्याला काही मिळालेलेच नाही, त्याचेच पैसे परत आले. कंपनीची तंगी असल्याने ते पैसे दोन-तीन वर्षे तसेच राहिले, तर ते नावाला परतफेड आणि प्रत्यक्षात कर्ज होते. तेव्हा संचालक मंडळाचा ठराव करून ती रक्कम उघडपणे संचालकाचे कर्ज म्हणून दाखवणे अधिक सरळ. खासगी कंपनीने संचालकाकडून वा त्याच्या नातेवाइकाकडून घेतलेले पैसे 'ठेव' मानले जात नाहीत, पण त्यासाठी पैसे देणाऱ्याने ते दुसऱ्याकडून उसने घेतलेले नाहीत असे लेखी द्यावे लागते, आणि कंपनीला ते मंडळाच्या अहवालात नमूद करावे लागते. दर वर्षी ३१ मार्चच्या शिल्लकेची माहिती ३० जूनपर्यंत डीपीटी-३ या विवरणपत्रात द्यायची असते. वैयक्तिक कर्ज काढून कंपनीचा खर्च भागवणाऱ्या संचालकाला असे लेखी देता येणार नाही, हे वेळीच ध्यानात घ्यावे.

घरच्या माणसांनी मदत करणे आपल्याकडे साहजिक आहे, आणि म्हणून 'नातेवाईक' या शब्दाची कायद्यातली व्याख्या माहीत असणे फार गरजेचे आहे. तिच्यात पती-पत्नी, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि अविभक्त हिंदू कुटुंबाचे सदस्य येतात. वहिनी, मेहुणा, सासरे, साडू, पुतण्या, भाचा यांची नावे त्या यादीत नाहीत. मेहुण्याने आपल्या कार्डावरून कंपनीसाठी कच्चा माल घेतला आणि आपण त्याचे पैसे महिन्याभरात फेडले, तर ते साधे देणे. तेच पैसे 'मेहुण्याचे कर्ज' म्हणून वर्षानुवर्षे ताळेबंदात राहिले आणि तो संचालकही नाही, भागधारकही नाही, तर कंपनीने ठेव स्वीकारल्याचा गंभीर प्रश्न उभा राहतो.

कर्ज वा देणे फेडताना बँकेतूनच फेडावे. इकडचे देणे तिकडच्या येण्यात वळते करणाऱ्या जर्नल नोंदी शक्यतो टाळाव्यात. कर्जाची फेड अशा नोंदीने करणे हा नियमाचा भंगच आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटले होते. त्या प्रकरणात व्यवहार प्रामाणिक होता म्हणून दंड मात्र टिकला नाही.

खाते उलटे होऊ नये, याकडे सर्वांत बारीक लक्ष हवे. संचालकाने वर्षात १,८०,००० रुपयांची बिले दिली आणि कंपनीतून 'परतफेड' म्हणून २,५०,००० रुपये उचलले, तर ७०,००० रुपये कंपनीने संचालकाला उसने दिल्यासारखे होतात. कंपनीने संचालकाला कर्ज देण्यावर कंपनी कायद्याचे कडक निर्बंध आहेत. शिवाय त्याच्याकडे १० टक्के वा अधिक मताधिकार असेल, तर कंपनीच्या साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत ही रक्कम आयकराच्या दृष्टीने लाभांश मानली जाऊ शकते आणि तिच्यावर संचालकाला कर भरावा लागतो. म्हणून दरमहा ठोक पंचवीस हजार उचलून वर्षअखेरीस बिले गोळा करण्याऐवजी बिले आधी आणि पैसे नंतर, हा क्रम पाळावा.

अर्धा घरचा, अर्धा कंपनीचा

गाडी, मोबाइल, घरची वीज आणि इंटरनेट यांचा खर्च सरळ वाटता येत नाही. गाडी संचालकाच्या नावावर असेल तर तिचे हप्ते, विमा आणि दुरुस्ती असे सगळे कंपनीत टाकण्यापेक्षा, कंपनीच्या कामासाठी झालेले किलोमीटर आणि मंडळाने ठरवलेला वाजवी दर, या हिशेबाने परतफेड करणे मला अधिक पटते. वहीत तारीख, कुठून कुठे, कोणाकडे आणि किती किलोमीटर एवढे लिहिले की पुरते. मोबाइल वा इंटरनेटचा ठराविक हिस्सा, जसे निम्मा, घ्यायचा असेल तर तो का निम्मा हे एकदा लिहून ठेवावे आणि वर्षभर तेच प्रमाण पाळावे. धंद्यासाठी पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठीच केलेला खर्चच वजा मिळतो. घरचा भाग कंपनीने उचलला तर तो संचालकाला मिळालेला लाभ होतो.

लॅपटॉपसारखी टिकाऊ वस्तू खिशातून घेतली, तर ती खर्चात न जाता मालमत्तेत जाते: संगणक खाते नावे, संचालकांचे खाते जमा. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा (वापराने किंमत घटल्यापोटीची वजावट) मिळतो, पण त्यासाठी वस्तू कंपनीच्या मालकीची असावी लागते. म्हणून बिल कंपनीच्याच नावाने घ्यावे. ते वैयक्तिक नावाने निघाले असेल, तर संचालकाने ती वस्तू त्याच किमतीला कंपनीला दिली असे साधे हस्तांतरपत्र आणि मंडळाची नोंद ठेवावी. १०,००० रुपयांहून जास्त रक्कम रोखीने दिली असेल, तर तेवढी रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरली जात नाही.

कंपनी नोंदवण्याआधीचे खर्च, म्हणजे नोंदणी शुल्क, कागदपत्रे तयार करण्याची फी, बाजारपेठेची पाहणी, हे प्रवर्तकाने स्वतःच भरलेले असतात, कारण त्या दिवशी कंपनी अस्तित्वातच नसते. नोंदणीनंतर ३० दिवसांत होणाऱ्या पहिल्या मंडळ सभेत त्यांची यादी मांडून ते कंपनीने स्वीकारल्याचा ठराव करावा आणि मगच नोंद करावी. आयकरात यांतले ठराविक खर्च एका मर्यादेपर्यंत पाच वर्षांत समान हप्त्यांनी वजा मिळतात.

धंदा कंपनीचा नसून एकट्या मालकाचा असेल तर हे बहुतेक प्रश्न उरतच नाहीत. मालक आणि धंदा कायद्याने एकच, त्यामुळे खिशातून दिलेले पैसे सरळ त्याच्या भांडवल खात्यात जमा होतात आणि काढलेले पैसे उचल म्हणून नावे पडतात. भागीदारीत रक्कम भागीदाराच्या चालू खात्यात जमा करतात. पेढीच्या नेहमीच्या कामासाठी भागीदाराने केलेला खर्च पेढीने भरून द्यावा, हे १९३२ च्या भागीदारी कायद्यातच लिहिलेले आहे.

कंपनीसाठी मी सुचवतो ती व्यवस्था साधी आहे. पैसे दिल्याच्या दिवशीच बिलाचा फोटो काढावा, कारण दुकानातल्या छोट्या छपाईयंत्राची पावती वर्षभरात कोरी होते, आणि कंपनीला पुस्तके व प्रमाणके आठ आर्थिक वर्षे जपायची असतात. महिन्याच्या पाच तारखेपर्यंत मागील महिन्याच्या बिलांची एक यादी करावी: तारीख, विक्रेता, बिल क्रमांक, कशासाठी, रक्कम, त्यातला कर आणि पैसे कोणत्या मार्गाने दिले. 'कशासाठी' हा रकाना रिकामा सोडू नये; 'किरकोळ' असे लिहिलेला खर्च दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाही. यादीवर शक्यतो दुसऱ्या संचालकाची सही घ्यावी आणि परतफेड त्या यादीच्या नेमक्या रकमेइतकीच, एका व्यवहारात, बँकेतून करावी, म्हणजे उताऱ्यातली रक्कम आणि यादीची बेरीज एकमेकांशी जुळते.

मार्चमध्ये मात्र एवढ्याने भागत नाही. संचालकाने २८ मार्चला केलेला खर्च त्याने मे महिन्यात मागितला, तरी तो मार्चअखेर संपलेल्या वर्षाचाच असतो, कारण कंपनीला पुस्तके पैसे फिटण्याच्या नव्हे तर देणे निर्माण होण्याच्या तत्त्वावर ठेवावी लागतात. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक संचालकाकडून उरलेली सगळी बिले मागवून घ्यावीत, ती मार्चच्या तारखेला नोंदवावीत, आणि ३१ मार्च रोजी कंपनीकडून आपले अमुक इतके येणे आहे, असे त्याच्या सहीचे पत्र ताळेबंदासोबतच्या फाइलला लावावे.